मागे कोण राहते?

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा ईद होऊन गेली की आपल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते. कुठे जायचे, गाडी कोणाची, माणसे किती, मुक्काम करायचा की संध्याकाळी परतायचे. अलीकडे या चर्चेत आणखी एक प्रश्न येऊन बसला आहे. तो सगळ्यांसमोर विचारला जात नाही. नवरा-बायको तो एकमेकांना हळू आवाजात विचारतात, आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की आम्ही शिक्षिका तो एकमेकींना विचारतो. मुलांना घरी ठेवून दोघांनीच दोन दिवस कुठे जाऊन यावे का? पैसे जमतील की नाही हा पुढचा भाग झाला. आधी हे की, असे करणे योग्य आहे का?

या प्रश्नावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर वडीलधाऱ्यांचे. मुले ही अमानत आहे, ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मौज करायला जाणे आईबापाला शोभत नाही. दुसरे उत्तर नव्या पिढीचे. नवरा-बायकोचे नाते टिकले तरच घर टिकते, म्हणून दोघांना स्वतंत्र वेळ मिळालाच पाहिजे. दोन्ही उत्तरांत काही तथ्य आहे. तरीही दोन्ही मला अपुरी वाटतात, कारण दोन्ही फक्त जाणाऱ्यांविषयी बोलतात. सहलीच्या नैतिकतेचा विचार करायचा असेल तर मागे राहणाऱ्यांकडे पाहावे लागेल. आणि जे बरोबर जाऊनही मागेच राहतात, त्यांच्याकडेही पाहावे लागेल.

मी मूळची घाटावरची. उर्दू माध्यमाच्या शाळेतील नोकरीमुळे गेली काही वर्षे कोकणात आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या सहली पाहिल्या आहेत. घाटावरची कुटुंबे खुलताबादच्या जियारतीला जोडून दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी करून येतात, नाही तर महाबळेश्वर किंवा पन्हाळा गाठतात. कोकणात समुद्र दाराशी असल्यामुळे बासी ईदच्या दिवशी हर्णै-मुरूडच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत तीच गर्दी हाजी अली आणि जुहूला असते. एका गाडीत दहा-बारा माणसे, मधल्या सीटच्या पायाशी बिर्याणीची देगची, मागे चटया आणि पाण्याचा कॅन. मुले, आजी-आजोबा, एखादी विधवा फुफी, शेजारचा एक मुलगा, सगळे बरोबर. आपल्या सहलीची ही सर्वात चांगली बाजू आहे. कुणाला वगळायचे हा विचारच तिथे होत नाही.

परंतु या सहलीत आईचा दिवस कसा जातो तेही पाहू. आदल्या रात्री कांदा तळून ठेवायचा, गोश्तला मसाला लावून ठेवायचा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून देगची चढवायची. लहान्याचे दूध थर्मासमध्ये, उलटी होणाऱ्याची गोळी आणि पिशवी पर्समध्ये, प्रत्येकाचा कपड्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत. किनाऱ्यावर पोचल्यावर चटई अंथरायची आणि तिच्यावर बसून सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि सासूबाईंचे औषध सांभाळायचे. दस्तरखान पसरायचे, वाढायचे, उचलायचे, राखेने नाही तर वाळूने भांडी घासायची. ओल्या मुलांना पुसून कपडे बदलायचे. घरी परतल्यावर सगळे अंग टाकतात तेव्हा वाळूने भरलेले कपडे भिजवायचे. सबंध दिवसात तिचे पाय समुद्राला लागतातच असे नाही. घरातील सगळ्या माणसांना घेऊन गेलेल्या या सहलीत एक माणूस स्वयंपाकघर डोक्यावर घेऊन गेलेले असते. ती सहलीला गेली असे म्हणायचे की नाही, हे मला सांगता येत नाही.

ही केवळ एखाद्या घरातील गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात जातात असे तीत आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांसाठी हाच आकडा ९७ मिनिटांचा होता, आणि हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमात प्रत्येक माणसाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टीचा हक्क मान्य केला आहे. बी.एड.ला असताना हे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. आज वाटते, जिला पगारच नाही तिच्या पगारी सुट्टीचे काय, हे विचारायला हवे होते. घरकामाला रविवार नाही. आणि सहलीच्या दिवशी ते दुप्पट होते.

म्हणून मुलांना बरोबर नेले म्हणजे सहल नैतिक आणि मुलांना ठेवून गेलो म्हणजे अनैतिक, हे समीकरण मला पटत नाही. मुलांसह गेलेल्या सहलीतही अन्याय असू शकतो. तो सवयीचा झाल्यामुळे दिसत नाही, एवढेच.

आता दुसरी बाजू. नवरा-बायको दोघेच निघाले की आपल्याकडे पहिली हरकत मुलांच्या नावाने घेतली जाते. मुलांना टाकून गेले. ही हरकत खरोखर मुलांच्या काळजीपोटी असते का, हे तपासण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घेऊ.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील अनेक माणसे बोटीने हजला गेली. गावाकडून मुंबईला यायचे, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे, बोटीची वाट पाहायची, मग समुद्राचा प्रवास. मुंबई-जेद्दा बोटीची ही वाहतूक १९९५ साली बंद झाली आणि त्यानंतर सगळे विमानाने जाऊ लागले. बोटीच्या काळात जाऊन येईपर्यंत महिने लागत. पत्र पोचले तर पोचले. जाणाऱ्यांत सगळेच म्हातारे नसत. घरी शाळकरी मुले असलेली जोडपीही असत. मुले काकांकडे, मामांकडे, आजीकडे राहत. त्या आईबापांना कुणी बेजबाबदार म्हटले नाही. गळ्यात हार घालून, डोळ्यांत पाणी आणून त्यांना निरोप दिला. आजही विमानाने हजला जाणारे बहुतेक लोक महिन्या-सव्वा महिन्याने परततात. २०२५ च्या हजसाठी तर गर्दीतील धोका लक्षात घेऊन लहान मुलांना बरोबर आणू नये असे सौदी सरकारनेच ठरवले, आणि आपल्या हज कमिटीने १२ वर्षांखालील मुलांना नेता येणार नाही असे कळवले. म्हणजे आईबापांनी मुले मागे ठेवावीत हा नियमच झाला.

यावर कुणी म्हणेल, हज कुठे आणि महाबळेश्वर कुठे. एक फर्ज आहे, दुसरी मौज आहे. हा फरक मला पूर्ण मान्य आहे. परंतु तो फरक मोठ्यांच्या हेतूतला आहे. रात्री अंथरुणात आईचा हात चाचपणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी आई अराफातच्या मैदानात आहे की पाचगणीला, याने काय फरक पडतो? त्याला एवढेच कळते की आई नाही. हजचे चाळीस दिवस त्याने सोसले तर आपण त्याचे कौतुक करतो आणि महाबळेश्वरच्या दोन रात्रींसाठी आपले काळीज तुटते. मग आपली हरकत मुलाच्या दुःखाला नाही. नवरा-बायकोने एकमेकांच्या सहवासात आनंदी असावे, आणि ते चारचौघांना दिसावे, याला आपली हरकत आहे.

ही हरकत धर्माच्या नावाने घेता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात साथीदारांना पुढे जायला सांगून हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, ही गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. त्या वेळी आयेशा जिंकल्या. पुढे काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित जिंकले आणि आता फिटंफाट झाली असे गमतीने म्हणाले. ईदच्या दिवशी मशिदीत चाललेले हबशी लोकांचे खेळ आयेशांनी प्रेषितांच्या खांद्याआडून पाहिले, आणि त्यांचे मन भरेपर्यंत प्रेषित तसेच उभे राहिले, हीदेखील प्रसिद्ध हदीस आहे. लग्नाच्या खुतब्यांतून आणि वाजांतून बायकोच्या कर्तव्यांची यादी आपण वारंवार ऐकतो. ही शर्यत मात्र क्वचितच ऐकायला मिळते.

तेव्हा जोडप्याचा आनंद हा गुन्हा नाही, इथपर्यंत आपण आलो. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि त्यासाठी पुन्हा हजकडेच जावे लागते. हज कुणावर फर्ज होते? ज्याच्याकडे प्रवासखर्च आहे, आणि परत येईपर्यंत घरातील अवलंबून असलेल्या माणसांच्या गुजराणीची तरतूद आहे, त्याच्यावर. ही दुसरी अट आपण घाईत विसरतो. निघण्यापूर्वी लोक कर्ज फेडतात, नातेवाइकांच्या घरी जाऊन कहा-सुना माफ करून घेतात. अल्लाहच्या घराकडे जाणाऱ्यालाही मागच्या माणसांचा हिशोब पूर्ण करूनच निघावे लागते. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे माणसांवर असलेले हक्क, असे आम्ही दीनियातच्या तासाला मुलांना शिकवतो. फर्जच्या प्रवासाला ही अट असेल तर मौजेच्या प्रवासाला ती नाही असे कसे म्हणता येईल?

मागे राहणारी माणसे कोण असतात? पहिले अर्थातच मूल. मुलांच्या बाबतीत एक जुना अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस आईवडिलांपासून दूर राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर माहितीपट केला. त्या काळी तिथे आईवडिलांना रुग्णालयात फार कमी वेळ भेटू देत. ते शांत, शहाणे दिसणारे मूल आतून कसे कोमेजत जाते हे डॉक्टरांनी पडद्यावर पाहिले, आणि पुढे भेटीचे नियम बदलण्यास त्याची मदत झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी आणखी एक काम केले. ज्यांच्या आया बाळंतपणासाठी किंवा इतर कारणाने दूर होत्या अशा लहान मुलांपैकी काहींना त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. आधी ओळख करून घेतली, मुलांची खेळणी-पांघरुणे बरोबर आणली, आईविषयी रोज बोलत राहिले, वडिलांना भेटीला येऊ दिले. ती मुले रडली, हट्टी झाली, पण सावरली. मात्र त्याच मालिकेतील सतरा महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस पाळणाघरवजा संस्थेत राहिला. तिथे सांभाळणाऱ्या बायका सतत बदलत होत्या. तो अगदी खचून गेला.

यातून मी जे समजले ते असे. मुलाला त्रास होतो तो आई दूर गेल्यामुळे, हे खरेच. पण तो त्रास सोसवेल की नाही हे, आईच्या जागी ओळखीचे, एकच आणि प्रेमाचे माणूस आहे की नाही यावर ठरते. मुलाच्या वयावर ठरते, दिवसांच्या संख्येवर ठरते. दीड वर्षाचे मूल आणि दहा वर्षांचे मूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणि आपल्याकडे नानीचे घर हे मुलांसाठी परके नसते, ही फार मोठी दौलत आहे.

मात्र एक गोष्ट कोणत्याही वयाच्या मुलाला सोसत नाही, ती म्हणजे फसवणूक. मूल झोपल्यावर निघून जायचे, किंवा दवाखान्यात सुई घ्यायला चाललो आहोत असे सांगून गाडीत बसायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात मोठ्यांना काही वावगे वाटत नाही. मूल रडू नये म्हणून केलेली ती युक्ती असते. पण मूल उठल्यावर काय शिकते? आई न सांगता नाहीशी होऊ शकते, म्हणून झोपणे धोक्याचे आहे. दोन दिवसांनी आईबापांच्या मोबाइलमध्ये धबधब्याचे फोटो दिसतात तेव्हा दुसरा धडा मिळतो. दवाखाना म्हणजे दवाखानाच असतो असे नाही. आम्ही वर्गात सच्चाईवर निबंध लिहून घेतो आणि मुले अल्फाज अगदी सुंदर लिहितात. सच्चाईचा खरा पाठ त्यांना आधीच घरी मिळालेला असतो. मुलाला खरे सांगून निघावे आणि त्याचे रडणे ऐकून निघावे. ते रडणे ऐकणे ही आपल्या आनंदाची वाजवी किंमत आहे, आणि ती चुकवून जाऊ नये.

मागे राहणारी दुसरी व्यक्ती असते आजी. “जाव बेटा, मैं हूँ ना,” असे ती म्हणते आणि आपण तिची परवानगी मिळाली असे समजतो. पण तिला नाही म्हणण्याची सोय असते का? गुडघे दुखतात, साखर वाढलेली आहे, तीन नातवंडांच्या मागे धावणे झेपत नाही, हे ती मुलाला सांगू शकते. सुनेला सांगितले तर तिचा वेगळा अर्थ निघेल म्हणून गप्प बसते. नकार देण्याची मोकळीक नसेल तर होकाराला फारशी किंमत उरत नाही. शिवाय आजीलाही कुठे जावेसे वाटत असेल, हे आपल्या मनातच येत नाही. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यभर मोफत प्रवास दिला, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट केले. त्यानंतर स्टँडवर नुसती फिरायला निघालेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. बहिणीच्या गावी, एखाद्या उरुसाला, कधी तर केवळ खिडकीशी बसून घाट पाहायला. तिकीट सरकारने माफ केले. घरातील पाळण्याची ड्यूटी कोण माफ करणार?

तिसरी व्यक्ती मला वर्गात भेटते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहिते. ती म्हणजे घरातील थोरली मुलगी. वय बारा-तेरा, सातवी-आठवीत. हजेरीपटावर तीन दिवस तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. चौथ्या दिवशी विचारले तर सांगते, “टीचर, अम्मी-अब्बा बाहर गए थे, छोटे को संभालना था.” घरात आजी असतेच, पण तिच्याने होत नाही, म्हणून खरी जबाबदारी या मुलीवर येते. तिचा भाऊ, वयाने तिच्याहून एक वर्षाने मोठा, तिन्ही दिवस शाळेत हजर असतो. एका मुलीने सुट्टीवरच्या निबंधात थंड हवेच्या एका ठिकाणाचे वर्णन केले होते. धुके, घोडे, मक्याची कणसे, सगळे होते. तोंडी विचारल्यावर कळले की ती गेलीच नव्हती. आईबापांनी दाखवलेल्या फोटोंवरून तिने ते लिहिले होते. मी तिला पूर्ण गुण दिले. पण त्या आईबापांना मुले घरी ठेवण्याचा हक्क होता की नाही, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. मूल घरी ठेवणे निराळे, आणि मुलाला आई करून ठेवणे निराळे. दुसऱ्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होत नाही. बालहक्क करारात, जो आपल्या देशाने १९९२ मध्ये स्वीकारला, मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्यात थोरल्या मुलीला वगळलेले नाही.

कोकणातील एक खास अडचण इथे सांगितली पाहिजे, कारण तिथे सरळ उत्तर सापडत नाही. इथल्या अनेक घरांतील पुरुष आखातात आहेत. वर्षा-दोन वर्षांनी ते दीड-दोन महिन्यांच्या रजेवर येतात. त्यातले काही दिवस घरदुरुस्तीत, काही लग्नकार्यात, काही नातेवाइकांच्या भेटीत जातात. उरलेल्या दिवसांवर सगळ्यांचा दावा असतो. मुलाला अब्बांबरोबर समुद्रावर जायचे असते. रोज व्हिडिओ कॉलवर पाहिलेले अब्बा त्याला खांद्यावर हवे असतात. म्हाताऱ्या आईला मुलगा शेजारी बसायला हवा असतो. आणि बायको? तिने दोन वर्षे घर, शेत, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणे एकटीने ओढलेली असतात. नवऱ्याशी निवांत बोलण्यासाठी तिला दोन दिवस हवे असतील तर तो चोचला आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईने मला सांगितले की, रजा संपेपर्यंत त्या दोघांचे एकांतात जे बोलणे झाले ते सगळे बँकेचे आणि छपराच्या पत्र्याचे होते.

इथे मुलाचा हक्क मोठा की आईचा? मला वाटते, असे तराजू घेऊन बसणेच चुकीचे आहे. दोन्ही हक्क खरे आहेत आणि दिवस कमी आहेत. हा कमीपणा त्यांच्यातील कुणाचाच दोष नाही. तो पोटासाठी समुद्रापार जाण्याचा परिणाम आहे. अशा वेळी आधी बोलून दिवस वाटून घेणे एवढेच हातात असते. मुलांचे दिवस मुलांना, आईचा दिवस आईला, आणि दोन दिवस त्या दोघांना, सर्वांना सांगून. ज्यांना काहीच सांगितले जात नाही त्यांना सगळेच हिरावून घेतल्यासारखे वाटते. आधी सांगितले तर लहान मूलसुद्धा बोटांवर दिवस मोजून थांबू शकते.

हा सगळा विचार खातेपित्या घरांचा आहे, अशीही हरकत येईल. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्याला शुक्रवारची एक सुट्टी मिळते. तो कुठली हॉटेले आणि कुठले मुक्काम करणार? हरकत रास्त आहे. पण थोडा विचार केला तर हाच प्रश्न तिथेही दिसतो, फक्त तो लहान आकारात असतो. त्या शुक्रवारी नमाज आटोपून पुरुष मित्रांबरोबर हॉटेलात किंवा सिनेमाला जातो. बायकोचा शुक्रवार कुठे असतो? आठवड्याचे कपडे त्याच दिवशी धुवायचे असतात. सहल म्हणजे शंभर किलोमीटर प्रवास असे नव्हे. संध्याकाळी एक तास मुलांना बापाकडे सोपवून आईने मैत्रिणीकडे जाणे, किंवा दोघांनी मिळून भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेऊन नदीकाठी बसणे, हीदेखील सहलच. तिला पैसा लागत नाही. तिच्यासाठी मागे थांबायला कुणीतरी आनंदाने तयार असावे लागते.

काही वाचकांना हे हिशोब रुक्ष वाटतील. घर म्हणजे काय दुकान आहे का, की कोण किती वेळा थांबले याची वही ठेवायची? प्रेमात मोजमाप नसते असे म्हणतात. माझे म्हणणे इतकेच की, वही आजही आहे. फक्त तिच्यात जमेची बाजू काही ठरावीक माणसांची आणि खर्चाची बाजू नेहमी त्याच दोघी-तिघींची आहे. ज्याच्या वाट्याला नेहमी जमाच येते त्याला हिशोबाची गरज वाटत नाही, आणि ज्याच्या वाट्याला खर्च येतो त्याने हिशोब काढला की तो प्रेमहीन ठरतो. हिशोब एकदा सरळ झाला की मग वही बंद करून ठेवायला हरकत नाही.

सरळ करायचे म्हणजे काय? कुटुंबाची सहल असेल तर काम वाटून घ्यावे. देगचीऐवजी एक दिवस वडापाव खाल्ल्याने कुणाची इज्जत कमी होत नाही, आणि चटईवर तासभर बापाने बसून चपला राखल्या तर समुद्र आटत नाही. दोघांनीच जायचे असेल तर खुशाल जावे. मुलांना खरे सांगून, ज्याच्याकडे ठेवायचे त्याला नकाराची मुभा देऊन, थोरल्या मुलीच्या शाळेचा दिवस न बुडवता. आणि परत आल्यावर आळीपाळी पाळावी. यंदा आजीने नातवंडे सांभाळली तर पुढच्या महिन्यात आजीला तिच्या बहिणीकडे चार दिवस पाठवावे. तिच्या गुडघ्याला तेल चोळण्याची आणि घरची जबाबदारी घेण्याची पाळी तेव्हा सून आणि मुलगा दोघांची असावी. नणंदेने भाऊ-भावजयीची मुले ठेवून घेतली असतील तर तिच्या मुलांसाठी आपले दार उघडे असावे.

पुढच्या ईदची चर्चा आपल्या घरी सुरू होईल तेव्हा गाडी कोणाची आणि माणसे किती हे ठरेलच. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वेळी मागे कोण राहिले होते? आणि बरोबर येऊनही समुद्रापर्यंत कोण पोचले नव्हते? त्यांची नावे या वेळी आधी घ्यावीत, मग बाकीच्या सीट भराव्यात.